हातात असून न दिलेलं

एकतीस वर्षं इंग्रजी शिकवून मला इंग्रजी किती आलं ते देव जाणे, कंटाळा मात्र पक्का आला. कोणत्या धड्याच्या कोणत्या ओळीला वर्ग जांभई देणार, हे मला तोंडपाठ आहे. पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या हायस्कुलात नववीच्या खोलीला पश्चिमेची खिडकी आहे. दुपारच्या तासाला ऊन आत येतं, निम्मा वर्ग ऊन चुकवायला एका भिंतीला सरकतो आणि उरलेला आहे तिथेच डुलक्या घेतो. पुढच्या वर्षी मी निवृत्त होणार. तोवर फळा, खडू आणि घशासाठी बाटलीत कोमट पाणी.

यंदा त्या खोलीत विथहोल्ड हा शब्द आला. तो दरवर्षीच येतो, एका धड्याच्या शेवटी, शब्दार्थांच्या चौकटीत. चौकटीत त्याचा अर्थ दिलेला असतो, रोखून ठेवणे. तेवढं लिहून घेतलं की मुलांचं काम झालं. पण हा शब्द मी चांगला शिकवायचे. बाकी व्याकरणाच्या नावाने आनंद असला, तरी या एका शब्दापुरता मला स्वतःचा अभिमान होता.

मी सांगायचे, रोखणं वेगळं. गाडी रोखतात, बैल आवरतात, पाणी अडवतात. विथहोल्ड करायला वस्तू आपल्या हातात असावी लागते आणि समोर कुणीतरी तिची वाट बघत असावं लागतं. हातातच नसेल तर ती गरिबी झाली. वाट बघणारं कुणी नसेल तर ते नुसतं ठेवणं झालं. हातात असून न देणं, ते विथहोल्ड. बोर्ड एखाद्याचा निकाल राखून ठेवतं ते विथहोल्ड. बाप पोरीच्या लग्नाला होकार देत नाही ते विथहोल्ड. आमचे हेडसर शिक्षकांचं कौतुक गेली आठ वर्षं विथहोल्ड करून बसलेत. यावर वर्ग हसायचा.

मग एखादी मुलगी विचारायची, 'बाई, म्हणजे लपवणं का?' तर तेही नाही. लपवणाऱ्याला वाटत असतं की वस्तू कधीच सापडू नये. विथहोल्ड करणारा मनात म्हणत असतो, देऊ की, जरा थांबून देऊ. त्या 'जरा थांबून'मध्ये सगळा शब्द आहे, असं मी सांगायचे आणि वाक्यं करायला लावायचे. एकीने लिहिलं होतं, माझी आई शेवटचा लाडू माझ्या बापापासून विथहोल्ड करते. मी तिला पैकीच्या पैकी दिले.

हे झालं की शेवटी माझं ठरलेलं उदाहरण असायचं. ते मी दरवर्षी जरा मीठमसाला लावून सांगायचे, आणि पेंगणारी मुलंही त्याला जागी व्हायची. यंदा मी ते सांगितलं नाही. मागच्या वर्षीही नाही.

उदाहरण असं. आमच्याकडे मेल्याची बातमी फोनवर देत नाहीत. जिल्ह्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, शेतकरी असो, मास्तर असो की व्यापारी, यात फरक नाही. माणूस गेलेला असतो, आणि घरचे फोन करून सांगतात की तब्येत जास्त आहे, निघा. ऐकणारा वाटेत एकटा असेल, गाडी हाकत असेल, छातीत कळ येऊन पडेल, म्हणून बातमी हातात धरून ठेवायची आणि माणूस अंगणात आला की सोडायची. ही रीत लहान पोरालाही ठाऊक असते. तरी ज्याच्यावर पाळी येते तो दरवेळी फसतो, कारण त्याला फसायचंच असतं. नातेवाइकांनी बातमी मुलीपासून विथहोल्ड केली, असं वाक्य मी फळ्यावर लिहायचे. मग प्रत्येकाला आपल्या घरातला कुणीतरी काका, कुणीतरी आत्या आठवायची आणि तास संपेपर्यंत तेच चालायचं.

त्या वाक्यातली मुलगी मीच होते. ते मात्र मी वर्गात कधी सांगितलं नाही.

माझं माहेर अकोले तालुक्यात, राजूरच्याही पुढे, भाताच्या खाचरांचं गाव. सासर इकडे तिसगावला. एकाच जिल्ह्यात असून हे दोन मुलूख आहेत. तिकडे चार महिने चिखलातून पाय निघत नाही, इकडे चार महिने टँकरची वाट बघतात. लग्न ठरलं तेव्हा आई म्हणाली होती, 'लई लांब चालली पोर. मधी अख्खा जिल्हा हाय.' 

वडील, आमचे दादा, गेले तेव्हा मोबाईल नव्हते. शाळेच्या ऑफिसात फोन आला. तेव्हाचे हेडसर साधी किरकोळ रजा द्यायची तरी तीन प्रश्न विचारायचे. त्या दिवशी ते स्वतः उठून वर्गाच्या दारात आले आणि म्हणाले, 'बाई, वडिलांची तब्येत जरा जास्त आहे. तुम्ही निघा, तासांचं आम्ही बघतो.' तिथेच मला कळायला हवं होतं. नवऱ्याचं तिसगावच्या बाजारात बी-बियाण्यांचं दुकान आहे. तो दुकान बंद करून जीप घेऊन आला, आणि जीपमध्ये शेजारचे दोघं जण काही कारण नसताना बसलेले होते. तरी कळलं नाही. सात तासांच्या वाटेत मी अकोल्याच्या अगस्तीला नवस बोलले, दादा बरे झाले तर अनवाणी येईन म्हणून. कोल्हारला पूल ओलांडल्यावर नवऱ्याने जीप थांबवली आणि वडापाव आणला. 'खाऊन घे, पुढं दमायला होईल,' म्हणाला. मी खाल्ला. वर तळलेली मिरचीही मागून घेतली.

अंगणात माणसं टोप्या हातात घेऊन बसली होती. कुणी माझ्याकडे बघेना. मी जीपमधून उतरता उतरता नवऱ्याला विचारलं, 'तुम्हाला कधी कळलं?' तो म्हणाला, 'शाळेत यायच्या आधीच.' मला दादांच्या जाण्याचं दुःख झालंच, पण त्याच्या बरोबरीने राग आला. दादा तिकडे आडवे पडलेले असताना मी मिरची मागून वडापाव खाल्ला, हे मी त्या जीपमधल्या कुणालाही आजवर माफ केलेलं नाही. त्यांनी मला सात तास एक आशा वापरायला दिली आणि दारात परत काढून घेतली. महिनाभर मी नवऱ्याशी बोलले नाही. दुःखात आहे म्हणून ते कुणाच्या लक्षात आलं नाही, त्याच्या सोडून.

त्यानंतर पुन्हा फसायचं नाही असं मी ठरवलं आणि या विद्येत चांगलीच तरबेज झाले. कुणाकडेही असा फोन आला की मी खोदून खोदून विचारायचे, नेमकं काय म्हणाले, कोण बोललं, आवाज कसा होता. रोज फोन करणाऱ्याऐवजी दुसऱ्याच कुणी केला तर समजावं. सोबत कोण आहे असं विचारलं तर समजावं. आजारी माणसाशी बोलू दिलं नाही तर समजावं. आणि सगळ्यांत पक्की खूण म्हणजे, जिवंत माणसासाठी लवकर या म्हणतात, गेलेल्यासाठी सावकाश या म्हणतात. एकदा स्टाफरूममध्ये एका बाईंना त्यांच्या सासूबद्दल फोन आला. त्यांच्याकडून शब्दन् शब्द काढून घेऊन मी म्हटलं, 'बाई, घरी जाऊन साधी साडी नेसा आणि मगच निघा.' माझं बरोबर निघालं. पुढे लोक मला विचारायलाच यायला लागले, आणि मला ते आवडत होतं. असल्या गोष्टीचाही गर्व होऊ शकतो माणसाला.

आईची गोष्ट दोन वर्षांपूर्वीची, पौषातली. दिवाळीला गेले होते तेव्हाच तिला दम लागत होता. चुलीपासून ओट्यापर्यंत यायचं तर मध्ये एकदा जमिनीला हात टेकून बसायची आणि मी बघतेय असं दिसलं की जमिनीवरचं काहीतरी वेचल्यासारखं करायची. पुढे संगमनेरला दवाखान्यात आठ दिवस ठेवलं. माझा धाकटा भाऊ रोज संध्याकाळी फोन करून सांगायचा, बरी हाय. गुरुवारी म्हणाला, 'घरी आनली. पेज खाल्ली वाटीभर. बरी हाय.' मी विचारलं, डॉक्टर काय म्हणाले? तो म्हणाला, 'काय म्हननार? वय झालं म्हनले.' त्याच्या बोलण्यात काहीतरी शिल्लक राहिलंय हे मला जाणवलं होतं. मी विचारलं नाही. दहावीच्या सराव परीक्षेचे पेपर तपासायचे होते, घसा बसला होता, आणि खरं सांगायचं तर मी दमले होते. येत्या रविवारी नाही, पुढच्या रविवारी येते, असं म्हणून मी फोन ठेवला.

शनिवारी सकाळची शाळा. प्रार्थना नुकतीच संपली होती, साडेसात झाले असतील. पर्समध्ये फोन वाजला म्हणून मी व्हरांड्याच्या टोकाला गेले.

'आक्का, आईची तब्येत जास्त हाय,' भाऊ म्हणाला. 'तुमी निगा.'

'तिला फोन दे.'

'आत्ता न्हाई बोलता येत तिला. दम लागतोय. थोड्या येळानं लावून देतो.'

'बरं.'

'आन आक्का, सावकाश ये. घाई करू नको.'

मी फोन ठेवला आणि तिथेच पायरीवर बसले. सगळ्या खुणा जुळल्या होत्या. संध्याकाळी फोन करणारा सकाळी करतोय, बोलायला देत नाही, आणि वर सावकाश ये म्हणतोय. मला रडू लगेच आलं नाही. एवढंच मनात आलं की या वेळी मला कुणी फसवू शकणार नाही.

आई तेव्हा जिवंत होती. हे मी आत्ताच सांगून टाकते, कारण राखून ठेवायचाही मला आता कंटाळा आला आहे. भावाने सांगितलं त्यातला शब्दन् शब्द खरा होता. तिची तब्येत जास्त होती, तिला दम लागत होता, आणि थोड्या वेळाने तो फोन लावून देणार होता.

मी त्याला सरळ विचारू शकले असते, की बाबा खरं सांग. पण आमच्यात असं विचारत नाहीत. विचारलं की समोरच्याला एक तर खोटं बोलावं लागतं, नाहीतर बातमी द्यावी लागते, आणि दोन्हीचा त्याला त्रास. उलट मला त्याची दयाच आली. आई गेलेली, घरात माणसं जमलेली, आणि त्यात हा माझ्यासाठी एवढं नाटक वठवतोय. त्याने ते निभावून न्यावं म्हणून मी 'बरं' म्हटलं होतं.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, 'आई गेली.'

'त्यांनी सांगितलं का तसं?'

'सांगतात का कधी?'

यावर तो काय बोलणार? तेवीस वर्षांपूर्वीची त्याची चूक अजून त्याच्या डोक्यावर होती. तो म्हणाला, 'चल मग, आपण दोघं मोटारसायकलवर नगरपर्यंत जाऊ, तिथून मिळेल त्या गाडीने पुढं. बाकीचे मागून येतील.' मी नको म्हटलं. शेवगावहून दीर आणि जाऊ निघाले होते, त्यांच्यासाठी थांबायचं होतं. मोठी गाडी ठरवली होती, ती कुणाला तरी सोडायला गेली होती, ती यायची होती. 'गेलेल्या माणसाला कसली घाई?' मी म्हटलं. 'माझ्याशिवाय उचलणार नाहीत.'

हे वाक्य मी माझ्या तोंडाने बोलले. नंतर मी अंघोळ केली, साधी साडी काढली, शेजारणी जमल्या त्यांच्या गळ्यात पडून पोटभर रडले. शेजारणीने चहा दिला तो घेतला. सराव परीक्षेचे पेपर गठ्ठा बांधून एका मुलीच्या हाती शाळेत पाठवले. आणि या सगळ्यात मला एक प्रकारचं हलकंही वाटत होतं, हे कबूल करते. दादांच्या वेळी सात तास आशा वाहून नेली होती. या वेळी ते ओझं नव्हतं.

निघायला अकरा वाजले. ड्रायव्हरने मिरीवरून घोडेगावला गाडी काढली आणि तिथून शिंगणापूरमार्गे राहुरीला जाऊ म्हणाला, नगरचा रस्ता खणून ठेवलाय म्हणून. तो शनिवार आहे हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. शिंगणापूरच्या अलीकडेच गाड्यांची रांग लागली होती. तेलाच्या बाटल्या आणि रुईच्या पानांच्या माळा विकणारे काचेवर टकटक करत होते. जाऊ खिडकीतून हात जोडून म्हणाली, 'एवढं दारात आलोय तर उतरून दर्शन तरी घ्यावं का?' दीर तिच्यावर डाफरले. मी म्हटलं, 'मला सुतक आहे. मी गाडीतच बसते.' जिवंत आईचं सुतक धरून मी तिथे बसले होते.

कुणी उतरलं नाही. गाडी तासभर तिथेच उभी होती, आणि त्यात माझ्या मांडीवरचा फोन वाजला. भावाचा होता.

'उचल की,' नवरा म्हणाला.

'काय उचलू? कुठवर आलात, विचारेल. तब्येत जास्त आहे म्हणेल पुन्हा.'

वाजून वाजून तो थांबला. राहुरी मागे टाकल्यावर पुन्हा आला. या वेळी बराच वेळ वाजला. जाऊ म्हणाली, 'घ्या की बाई, काही निरोप असंल.' फोन माझ्या हातात होता. त्याचा थरथराट मला अजून तळहातावर आठवतो. मी पडद्यावरचं भावाचं नाव बघत राहिले. मला वाटलं, त्या बिचाऱ्याला पुन्हा एकदा खोटं बोलायला कशाला लावायचं. आणि मला स्वतःलाही ते ऐकायचं नव्हतं. मी फोन पालथा करून मांडीवर ठेवला. नवरा खिडकीबाहेर उसाच्या ट्रॉल्या बघत बसला.

पोचलो तेव्हा साडेचार वाजले होते. अंगण तेच, टोप्या हातात घेतलेली माणसंही तशीच. या वेळी मी कुणाच्या आधाराशिवाय उतरले. भाऊ आला आणि गळ्यात पडला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत, थोरल्या बहिणीला शोभेल अशा आवाजात विचारलं, 'कधी गेली?'

'पावने दोनला,' तो म्हणाला.

मला वाटलं, माणसांसमोर अजून नाटक करतोय. मी म्हटलं, 'अरे, सकाळीच ना?'

'न्हाई गं. पावने दोनला.' त्याने डोळे पुसले. 'मदी जरा दम बसला हुता तिचा. म्हनली, बोलते आक्काशी. तुला दोनदा लावला. मी फोन तिच्या कानाला धरून बसलो हुतो.'

साडेसातला कळलं होतं. आठला दोघंच निघालो असतो तर एक-दीडला पोचलो असतो. ते जाऊ दे, राहुरीपुढे तरी फोन उचलला असता. तेवढंही पुरलं असतं.

'वाजत हुता,' भाऊ म्हणाला. 'ऐकू आला न्हाई का?'

'पर्समध्ये होता,' मी म्हटलं. 'गाडीच्या आवाजात कळलंच नाही.'

कसं सुचलं मला माहीत नाही. विचार न करता तोंडातून गेलं, जसं काही मी घरूनच तयारी करून आले होते. भाऊ म्हणाला, 'मला वाटलंच.' माझा नवरा शेजारी उभा होता. तो जमिनीकडे बघत होता. दीर आणि जाऊ मागे गाडीतून पाण्याचे कॅन काढत होते, त्यांनी ऐकलं की नाही ते मी आजवर विचारलेलं नाही.

मी दहाव्यापर्यंत तिकडेच राहिले. नवव्या दिवशी भावजय आणि मी ओट्यावर तांदूळ निवडत बसलो होतो. दुसऱ्या दिवशी जेवायला माणसं यायची होती. भावजय अबोल आहे, पण त्या दिवशी आपणहून बोलायला लागली. आत्याबाईंनी, म्हणजे आईने, शेवटी काय काय मागितलं, कोणाकोणाची आठवण काढली. मग म्हणाली, 'वन्सं, यांनी सकाळचा फोन केला ना, तवा आत्याबाई जाग्याच हुत्या. बोलवत नव्हतं, पन यांचा हात धरून खुनवत हुत्या. हे वाकले तर म्हनल्या, तिला म्हनाव सावकाश ये. लई लांबचा रस्ता हाय. गाडी पळवू देऊ नको म्हनाव. म्हनून यांनी तसं सांगितलं तुमाला.'

मी तांदूळ निवडत राहिले. त्यातले खडे मला दिसेनात, तरी निवडत राहिले.

जन्मभर ती मला हेच म्हणत आली होती. लग्नानंतर पहिल्यांदा सासरी निघाले तेव्हा एसटीच्या खिडकीशी उभी राहून म्हणाली होती. दर दिवाळीला, दर उन्हाळ्याच्या सुट्टीला, येते म्हणून फोन केला की पलीकडून आधी तेच यायचं, सावकाश ये. इतकं नेहमीचं की मी ते ऐकायचंच सोडून दिलं होतं. त्या सकाळी तिने भावाच्या तोंडून तेच सांगितलं, आणि तिचं ते बोलणं मी ती मेल्याची खूण म्हणून धरलं. बोलायला तिच्या अंगात त्राण नव्हतं. तेवढ्यातून तिने ते चार शब्द माझ्यासाठी काढले होते.

दशक्रियेला प्रवरेच्या काठावर एक चुलत आत्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, 'पोरगी उशिरा आली. तोंडात पानी पडलं न्हाई तिच्या हातनं.' भाऊ ताबडतोब उठला आणि तिला म्हणाला, 'तिचा काय दोष? फोन पर्समधी हुता. न्हाईतर बोलनं तरी झालं असतं.' तो असं ठणकावून बोलणारा माणूस नाही. माझ्यासाठी बोलला. वर्षश्राद्धालाही कुणीतरी विषय काढला, आणि त्याने पुन्हा तेच सांगितलं. दोन्ही वेळा मी मान हलवली.

नवऱ्याला सगळं माहीत आहे. दादांच्या वेळी त्याने माझ्यापासून राखून ठेवलं, तेव्हा मी महिनाभर त्याच्याशी बोलले नव्हते. आता तो माझ्यासाठी राखून ठेवतोय आणि त्याबद्दल एक अक्षर बोलत नाही. मला कधी कधी वाटतं त्याने बोलावं, टोमणा मारावा, काहीही करावं. एकदा मीच म्हटलं, 'भावाला सांगून टाकते.' तो पेपर वाचत होता. म्हणाला, 'सांगून तुला बरं वाटेल. त्याला काय वाटेल?' देऊ की, जरा थांबून देऊ, हे वर्गात सांगायला सोपं होतं.

यंदा शब्दार्थ संपवून मी पान उलटायला लागले, तेव्हा पहिल्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. तिची थोरली बहीण माझ्याच हाताखालून गेली आहे. 'बाई,' ती म्हणाली, 'ते फोनचं उदाहरण राहिलं. ताई म्हणत होती, तुम्ही लई मजेदार सांगता.' मी म्हटलं, 'वेळ संपला.' अजून वीस मिनिटं बाकी होती, आणि घड्याळ तिच्या समोरच्याच भिंतीवर होतं. तिने हात खाली घेतला. मी त्यांना पुढचा धडा मनात वाचायला सांगितला आणि खिडकी लावून घेतली.

गेल्या आठवड्यात भावाचा फोन आला. आता मी त्याचा फोन पहिल्या रिंगला उचलते, तास चालू असला तरी. भात कसा आहे, गुडघे कसे आहेत, सगळं बोलून झालं. मग तो म्हणाला, 'आक्का, एक विचारू?'

'विचार.'

त्याच्या मागे कुणीतरी गुरं हाकत होतं, तेवढा आवाज येत होता. मी भिंतीला टेकले. विचारलंस तर सांगेन, असं मी मनाशी म्हटलं, आणि विचारू नको असंही.

'काय न्हाई,' तो म्हणाला. 'दिवाळीला येतीस ना?'

'येते.'

'सावकाश ये,' तो म्हणाला.